कडीवाल्याचा दुसरा हात

४ फेब्रुवारी

सही करून आले. माझ्या ‘मिठाचा बुरुज’वर सिनेमा निघणार. आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, तेही अठरा वर्षांपूर्वी, मुलांसाठी म्हणून. आणि आता मोठी माणसं त्यासाठी खरोखरचा बुरुज बांधणार आहेत. ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. नगररचनेच्या कार्यालयात नकाशे काढणाऱ्या बाईला राजवाड्यांबद्दल कोणी विचारत नाही, तेच बरं आहे.

करारात एक कलम मी हट्टाने घालून घेतलं. पात्रांमध्ये मोठा बदल करायचा तर आधी माझी लेखी संमती हवी. निर्माते हसले. म्हणाले, लेखकांचा आपल्या पात्रांवर जीव असतो, आम्ही समजू शकतो. जिवाचा काही संबंध नव्हता. मला भीती वाटत होती. कशाची, ते इथे लिहायचं कारण नाही.

बाबांना सांगितलं. डाव्या हाताने चहा ढवळत त्यांनी विचारलं, कडीवाला असणार ना त्यात? म्हटलं, त्याच्याशिवाय कसा होईल सिनेमा. त्यावर ते चहा ढवळतच राहिले. साखर कधीच विरघळली होती.

९ फेब्रुवारी

धाकटा शनिवारचं टपाल वाटून झाल्यावर नेहमीसारखा फाटकाशी आला. तो आत येत नाही. बाबा माझ्याकडे राहायला आले त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून सायकल फाटकाला टेकवून बाहेरच उभा राहतो, मी चहा नेऊन देते. बाबांचा विषय आम्ही दोघंही काढत नाही. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, पण सिनेमाचं ऐकून पाच वर्षांचा झाला.

“कडीवाला घासत येतो ना, तो आवाज नीट करायला सांग त्यांना,” म्हणाला. “नाहीतर नुसता राक्षस होईल. राक्षसाला कोण भितंय.”

गोष्ट मूळची त्याचीच. लहानपणी रोज झोपताना मी त्याला सांगायचे. मिठाच्या राज्यात एक थोरली राजकन्या आणि तिचा भाऊ पिटुकला. त्या राज्यात कडीवाला फिरतो. त्याला एकच हात, आणि एक पाय लोखंडाचा. दगडी फरशीवरून पाय घासत येतो आणि एकटं सापडलेलं पोर खोलीत कोंडून बाहेरून कडी लावतो. पिटुकल्याला तो बुरुजात कोंडतो, आणि थोरली सात खोल्या ओलांडून त्याला सोडवते. एवढंच. पुस्तकाच्या पहिल्या पानावर बुरुजाचा नकाशा आहे, आणि शेजारी बुरुजाच्या दाराचं वेगळं चित्र, सगळं अगदी मापात. पोटापाण्याचा धंदाच तो, हात स्वस्थ बसेना.

२ मार्च

पटकथा लिहिणारी मुलगी आली होती. तिशीची असेल, केसांत पेन्सिल खोचलेली, जी तिला दिवसभर सापडत नव्हती. म्हणाली, आठवीत असताना तुमचं पुस्तक वाचलं आणि आठवडाभर आईजवळ झोपले. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

मग बदलांची यादी काढली. माझी आंधळी स्वयंपाकीण आता तरुण तिरंदाज झाली आहे. जाडा राजा बारीक झाला, कारण तो नट बारीक आहे. बोलणारं गाढव गेलं, कारण खरं गाढव सेटवर कोणाचं ऐकत नाही. मी भराभर सह्या केल्या. गाढवाचं तेवढं वाईट वाटलं. त्या राज्यात शहाणं असं तेच एक होतं.

शेवटी तिने विचारलं, कडीवाल्याला काय हवं असतं? म्हटलं, काही नाही, तो वाईट आहे. ती पान उघडून बसली. पिटुकल्याला कोंडल्यावर तो दाराबाहेर बसून राहतो, असं तुम्ही लिहिलंय. पळून जात नाही, खात नाही, नुसता बसतो. वाईट माणूस असा बसेल कशाला?

मी आणखी चहा हवा का विचारलं. ती गेल्यावर कप विसळताना एक फुटला.

३० मार्च

ऑफिसात एका शाळेच्या नकाशात जिना उलटा काढला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. साहेब रागावले नाहीत, नुसते बघत राहिले. ते जास्त लागलं.

१८ एप्रिल

आज सेट दाखवायला नेलं होतं. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये बुरुज उभा केला आहे. सेट बांधणाऱ्या गृहस्थांना सगळे टेपवाले म्हणतात, कारण मोजायची टेप त्यांच्या गळ्यात कायम असते. मोठ्या अभिमानाने म्हणाले, मॅडम, तुमच्या नकाशावरून तंतोतंत बांधलंय. इंचाचा फरक सापडला तर सांगा.

फरक नव्हता. मी दारासमोर उभी राहिले. बुरुज वगैरे ठीक आहे, पण ते आमच्या लहानपणच्या कोठीचं दार होतं. तीन फूट रुंद, साडेसहा फूट उंच, बिजागरीकडून झुकलेलं, कडी अगदी वर. टेपवाल्यांनी विचारलं, कडीचं भोक नकाशात कडीपेक्षा अर्धा इंच वर दाखवलंय, ती चूक आहे का मुद्दाम? मी तसंच ठेवलंय. मी म्हटलं, मुद्दाम. दुसरं काय म्हणणार. मला ते दार तसंच आठवतं, म्हणून तसं काढलं गेलं.

कडीवाल्याचं काम करणारा नट आडदांड आहे आणि स्वभावाने गायीसारखा गरीब. त्याचा उजवा हात अंगरख्याच्या आत बांधून टाकला आणि म्हणाले, लाव बघू कडी. लागेना. दार झुकलेलं असल्यामुळे ते एका हाताने उचलून ओढून धरावं लागतं, तेव्हा कुठे दुसऱ्या हाताने कडी भोकात सरकते. त्याने खांदा लावून पाहिला, गुडघा लावून पाहिला, दातांत कडी धरून पाहिली. सगळी शेड हसत होती.

टेपवाल्यांनी स्वतः एका हाताने प्रयत्न केला आणि मान हलवली. “उघडायला एक हात पुरतो. लावायला दोन हात लागतात. मॅडम, तुमच्या कडीवाल्याने ही कडी लावलेलीच नाही.”

पटकथावाली तेवढी हसत नव्हती. ती पुस्तकातला नकाशा डोळ्यांजवळ धरून बघत होती. तिने विचारलं, “आणि हे दाराबाहेर काय आहे? स्टूल?”

स्टूल. मी काढलं आहे. दाराच्या डाव्या अंगाला, एक फूट चौरस. अठरा वर्षं ते तिथे छापलेलं आहे, आणि माझ्या लक्षात आलं नाही.

२३ एप्रिल

बदललेली पानं गुलाबी कागदावर येतात, म्हणजे जुन्यात मिसळू नयेत. आज आली. पटकथावालीने मोठ्या उत्साहाने फोनही केला.

नव्या पानांत कडीवाला राक्षस नाही. तो बुरुजाचा एकहाती म्हातारा राखणदार आहे. पिटुकल्याला थोरलीच कोंडते. रागाच्या भरात, स्टुलावर चढून, दोन हातांनी. मग घाबरून गप्प बसते. राखणदार कडी उघडून त्याला बाहेर काढतो, म्हणून लोक त्यालाच राक्षस ठरवतात, आणि तो नाही म्हणत नाही.

“मी पदरचं काही घातलं नाही,” ती म्हणत होती. “सगळं तुमच्याच पुस्तकात आहे. एक हात, दोन हातांची कडी, स्टूल, बाहेर बसून राहणं. मला वाटलं तुम्ही मुद्दामच लपवून ठेवलंय, कोणीतरी शोधावं म्हणून.”

फोन ठेवला. पानं कपड्यांच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली आहेत. कोण येणार आहे बघायला, पण ठेवली.

२४ एप्रिल

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण जी मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती, तिने लिहून मोकळं केलं. निदान या वहीत ते माझ्या हातचं असू दे.

मी अकरा वर्षांची होते, धाकटा पाच. बाबा मिठाच्या गोदामावर किल्लीदार होते आणि आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहायचो. गोदामाच्या पार टोकाला जुनी, जाड भिंतींची कोठी होती, तिथला आवाज घरापर्यंत पोचत नसे. शाळेच्या स्पर्धेसाठी मी नकाशा काढत होते, आठ दिवसांचं काम, आणि धाकट्याने त्यावर शाईची दौत उपडी केली. माराच्या भीतीने तो कोठीच्या अंधारात जाऊन लपला. मी मागोमाग गेले, तोंडातून शब्द न काढता दार लोटलं, स्टूल घासत आणलं, त्यावर चढले आणि एका हाताने दार ओढून दुसऱ्या हाताने कडी लावली.

अर्धा तास ठेवायचं होतं. तेवढ्यात आईने बाजारात पाठवलं. परत आले तर अंगणात माणसं जमली होती, पोर हरवलं म्हणून. तेव्हाच सांगायला हवं होतं. पाच वाजता सांगितलं असतं तर चार धपाटे बसले असते. सहा वाजता आई जमिनीवर बसून रडत होती. सात वाजता पोलीस आले. दर तासाला ते सांगणं मोठं मोठं होत गेलं, आणि शेवटी माझ्या तोंडातून बाहेर पडेल एवढं ते राहिलंच नाही. लोक नदीकडे शोधायला गेले. कोठीत कोणी पाहिलं नाही, कारण तिला बाहेरून कडी होती, आणि पाच वर्षांचं पोर आत जाऊन बाहेरून कडी लावणार कसं.

उजाडताना बाबांना तो सापडला. ओरडून ओरडून आवाज गेला होता. नंतर चार वर्षं अडखळत बोलायचा. आजही त्याच्या घरात न्हाणीघराचं दारसुद्धा लागत नाही, भावजय पडदा ओढून घेते. छपराखालची नोकरी नको म्हणून पोस्टमन झाला.

कडी कोणी लावली, असं आईने विचारलं. तेवढ्यात बाबा म्हणाले, माझ्याच हातून लागली असेल, दार दिसलं की कडी घालायची सवय. आईने महिनाभर त्यांना धाकट्याच्या खाटेजवळ येऊ दिलं नाही. ते खोलीच्या दाराबाहेर बसून राहायचे. धाकट्याने पुढे त्यांना बाबा म्हणणं सोडलं, आणि अठराव्या वर्षी घरही. मला मात्र त्याने पहिल्याच दिवशी, घोगऱ्या आवाजात विचारलं होतं, ताई, घासत कोण आलं होतं?

मी म्हटलं, कडीवाला.

बाबांना खरंच तसं वाटलं असणार. तीन आठवड्यांपूर्वीच गोण्यांची थप्पी अंगावर कोसळून त्यांचा उजवा हात कायमचा लुळा पडला होता, त्या दिवसांत ते कुठल्याच गोष्टीत धड नसायचे. सवयीच्या माणसाला आपण काय केलं ते आठवत नाही. मी तसंच धरून चालले आहे.

आता धाकटा हा सिनेमा बघणार. थोरली स्टूल ओढणार आणि तो आवाज त्याला ऐकू येणार. या जगात त्याचा विश्वास असलेलं माणूस एकच आहे, आणि ते फाटकापर्यंत चहा घेऊन येतं.

२६ एप्रिल

बैठकीला गेले आणि कलम पुढे केलं. थोरली कोणाला कोंडणार नाही, मी संमती देत नाही. दिग्दर्शकांना फारसं काही वाटलं नाही, त्यांना लढाया चित्रित करण्यात जास्त रस आहे. पटकथावालीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, मग कडी लावली कोणी? प्रेक्षकांना दिसणार आहे ती. पुस्तकात चालून गेलं, पडद्यावर माणसाला ती कडी खरोखर लावावी लागते.

मी म्हटलं, “त्याला दुसरा हात द्या.”

दिग्दर्शक उठूनच बसले. दोन हात, आणि तेही राक्षसी, दार एका झटक्यात उचलणारे! त्यांना ते फारच आवडलं. टेपवाले म्हणाले, कडीचा प्रश्न सुटला. स्टूलही काढून टाकलं. संमतीच्या कागदावर मी सही केली तेव्हा हात स्थिर होता. पटकथावाली जाताना एवढंच म्हणाली की आता तो कोणीच राहिला नाही.

घरी येताना जीव भांड्यात पडायला हवा होता. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का तुम्हाला.

२७ एप्रिल

बाबांना सांगितलं की गोष्टीत बदल झाला, कडीवाल्याला आता दोन हात असतील. मुद्दाम सहज सांगितलं, भाजी निवडता निवडता. ते खिडकीपाशी बसले होते. त्यांनी आपला उजवा हात डाव्याने उचलून मांडीवर नीट ठेवला, तो सारखा घसरतो.

“दिलास हात? बरं केलंस,” म्हणाले. “आता कोणी विचारणार नाही.”

कोणी काय विचारणार नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले, काही नाही, पंखा जरा कमी कर. हल्ली ते असं अर्धवट बोलतात. डॉक्टरांना दाखवायला हवं.

१२ सप्टेंबर

चित्रीकरण संपलं. कडीवाल्याचे फोटो आले. खांद्यापासून हात काय आहेत, नुसते ओंडके. ओळखू येत नाही. मी फोटो बराच वेळ बघत होते, काय चुकतंय ते शोधत. काही चुकत नव्हतं. माझाच कडीवाला नव्हता तो, इतकंच.

धाकट्याला फोटो दाखवले नाहीत. त्याला पडद्यावरच बघायचं आहे.

९ नोव्हेंबर

ध्वनिमुद्रणवाल्याचा फोन आला. घासत येण्याचा आवाज बनवायचा आहे, पुस्तकात दगडावर लाकूड ओरबाडल्यासारखा असं आहे, पण पाय तर लोखंडाचा, मग लाकूड कसं? म्हटलं, ती माझी चूक आहे, लोखंडाचाच आवाज करा, साखळ्या वगैरे घाला. तो म्हणाला, सोपं काम आहे. एकेक भोक बुजवत चालले आहे. आणखी किती आहेत कोण जाणे.

१५ डिसेंबर

सकाळी अकराचा खास खेळ होता, काम केलेल्या माणसांसाठी आणि घरच्यांसाठी. धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून आला. भावजयीला बरं नव्हतं. त्याच्यासाठी शेवटच्या रांगेत दाराशेजारची खुर्ची ठेवली होती आणि दार थोडं उघडं. पडद्यावर उजेडाची रेघ येते म्हणून दिग्दर्शक कुरकुरले, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कडीवाला आला तेव्हा साखळ्या खळखळल्या. धाकटा जरा निराश झालेला दिसला. मग ते दार आलं. कडीवाल्याने दोन्ही हात वर केले, एकाने दार उचललं, दुसऱ्याने कडी सरकवली. लोक दचकले. मी अंधारात डोळे मिटून घेतले होते, पण धाकटा हलला नाही हे मला कळलं. थोरलीने भावाला सोडवलं, टाळ्या झाल्या, दिवे लागले. आणि मला, वर्षभरात पहिल्यांदा, मोकळा श्वास आला. संपलं होतं. कोणाला काही कळलं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर तो म्हणाला, छान झालाय. मग विचारलं, “ताई, त्याला दुसरा हात कशाला दिला?”

मी खुशीत होते. वर्षभर आवळून धरलेली जीभ सैल सुटली. “अरे, एका हाताने ती कडी लागतच नाही. एकाने दार उचलून धरायचं, दुसऱ्याने सरकवायची. सेटवर करून बघितलं त्यांनी. गडी दमले, पण लागली नाही.”

“कोठीचंच दार ना ते?”

“हो, अगदी मापात,” म्हटलं, आणि मग ऐकलं मी काय म्हटलं ते.

तो पायरीवर तसाच उभा राहिला. डावा हात पुढे करून त्याने हवेत दार धरलं आणि उजव्याने वर कडी सरकवली. मग उजवा हात खाली सोडला, अगदी बाबांचा असतो तसा, आणि एकट्या डाव्याने पुन्हा करून बघितलं. लोक बाजूने जात होते. त्याच्या हिशेबात बाबांचा हात कायमच तसा होता, आधी काय नि नंतर काय, पाच वर्षांच्या पोराला कुठलं आठवायला.

“हाताचा अपघात आधीचा का नंतरचा?” त्याने विचारलं.

नंतरचा, असं म्हणता आलं असतं. आई गेली, बाबा बोलणार नाहीत, त्याला दुसरं विचारायला कोणी नाही. शब्द ओठांवर होता. बेचाळीस वर्षं तो शब्द मी कुठल्या ना कुठल्या रूपात त्याला देतच आले होते, आणि तो घेत आला होता.

“आधीचा,” म्हटलं. “तीन आठवडे आधीचा.”

“मग घासत कोण आलं होतं?”

तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मग त्याला माझ्या उत्तराची गरज राहिली नाही. त्याने सायकल काढली. कुलूप उघडायला फार वेळ लागला, किल्ली लागत नव्हती. मी मदतीला पुढे झाले तर त्याने हाताने थांब म्हणून खूण केली.

१७ डिसेंबर

दोन दिवस फोन उचलत नाही. भावजयीने उचलला, म्हणाली, कामावर जातात, जेवतात, बोलत नाहीत. तुम्हाला काही माहीत आहे का? नाही म्हटलं. पुन्हा एकदा नाही.

संध्याकाळी बाबांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, त्याला कळलं. काय कळलं ते त्यांनी विचारलं नाही. कोणी सांगितलं, एवढंच विचारलं. म्हटलं, मीच.

“मग मी एवढी वर्षं काय राखत बसलो होतो?” ते म्हणाले. राग नव्हता. “त्या दिवशी दारापाशी स्टूल पाहिलं मी. तुझ्या फ्रॉकला गंज लागला होता कडीचा. पोर रात्री किंचाळत उठायचं तेव्हा फक्त तुझ्या कुशीत शांत व्हायचं. बापावाचून मूल वाढतं गं. ती कूस काढून घेतली असती तर तो वाचला नसता. मला दोघांतून एक निवडायचं होतं.”

मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही. म्हणाले, “आता त्याला कोण आहे?”

याच माणसाला मी राक्षस करून छापलं. मुलांनी त्याची चित्रं काढून मला पाठवली, ती मी जपून ठेवली आहेत.

२१ डिसेंबर

शनिवार. चहा केला. फाटकाशी उभी राहिले. चहा निवला, पुन्हा गरम केला, पुन्हा निवला. समोरच्या गल्लीतून त्याच्या सायकलची घंटा ऐकू आली. आमच्या घराचं टपाल समोरच्या दुकानात ठेवून तो गेला.

बाबांनी खिडकीतून सगळं पाहिलं. जेवले नाहीत.

२२ डिसेंबर

आज अकराच्या सुमाराला फाटक वाजलं. मी दार उघडलं तर तो पायरीवर होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा फाटकाच्या आत. दाढी वाढलेली. मी बाजूला झाले. काही बोलायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, तुझ्याशी नंतर. आज नाही. नंतर म्हणजे कधी, का कधीच नाही, हे त्याच्या आवाजावरून कळेना आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

तो सरळ बाबांच्या खोलीत गेला. बाबा खुर्चीतून उठायला बघत होते, एका हाताने त्यांना पटकन उठता येत नाही. धाकट्याने जाऊन त्यांचा लुळा हात उचलला आणि नीट मांडीवर ठेवला. मग तो वळला. मला वाटलं मला बोलावतोय. त्याने दार लोटलं. पूर्ण लोटलं, आणि मग आतून कडी लावल्याचा आवाज आला.

ज्या माणसाने बेचाळीस वर्षांत कुठलंच दार लागू दिलं नाही, त्याने ते लावलं, आणि मी बाहेर आहे.

पाऊण तास झाला. आधी काहीच ऐकू येत नव्हतं आणि मला वाटत होतं, आत त्याला कोंडल्यासारखं होईल, तो घाबरेल, दार तोडेल. मग बाबांचा आवाज सुरू झाला, हळू, थांबून थांबून. शब्द कळत नाहीत. मध्ये एकदा धाकटा अडखळत बोलला, लहानपणी बोलायचा तसा, आणि बाबा थांबून राहिले, त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत. पुढे काय होणार मला माहीत नाही. दार वाजवायला दोनदा हात उचलला आणि खाली घेतला.

उभं राहवेना, म्हणून बसायला स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आहे, त्याच्यावर बसून हे लिहिते आहे. आणताना दोन्ही हातांनी उचलून आणलं, फरशीवर घासू दिलं नाही.